शस्त्रक्रियेने थायरॉइड ग्रंथी काढली, तरी 'रिसेप्टर अँटीबॉडी'ची तपासणी कशासाठी?

दीपमाळ, फोंडा

सर्वांना नमस्कार. माझ्या धाकट्या जावेला काही वर्षांपूर्वी ग्रेव्हज नावाचा थायरॉइडचा आजार झाला होता. गोळ्या कमी केल्या की आजार पुन्हा उसळत असे, म्हणून शेवटी शस्त्रक्रिया करून संपूर्ण ग्रंथी काढण्यात आली आणि तेव्हापासून ती रोज सकाळी उपाशीपोटी थायरॉक्सिनची गोळी घेते. तिचा टीएसएच (थायरॉइडला चालना देणारे संप्रेरक) बऱ्याच काळापासून मर्यादेत आहे. आता तिला पाचवा महिना चालू आहे, बाळंतपण चवथीच्या आसपास होईल, आणि डॉक्टरांनी 'टीएसएच रिसेप्टर अँटीबॉडी' नावाची रक्ततपासणी करून आणण्यास सांगितले आहे. ग्रंथीच शरीरात उरलेली नसताना तिच्याविरुद्धच्या अँटीबॉडी मोजून काय साधणार, हे घरात कोणालाच उमगलेले नाही. सासूबाईंच्या मते हा निव्वळ खर्च वाढवण्याचा प्रकार आहे, आणि त्यांना पटेल असे उत्तर माझ्याजवळही नाही.

दुसरी शंका अशी. माझे मामेसासरे डिचोलीला असतात. त्यांना मायस्थेनिया ग्रेव्हिस हा स्नायू लवकर थकवणारा आजार आहे आणि त्यांच्या अहवालात 'ॲसिटिलकोलीन रिसेप्टर अँटीबॉडी पॉझिटिव्ह' असे लिहिलेले आहे. जावेचे आजारपण म्हणजे छातीत धडधड, हातांना कंप आणि भरपूर जेवूनही घटणारे वजन. मामांचे आजारपण म्हणजे दुपारनंतर उतरणाऱ्या पापण्या आणि घास चावता चावता थकणारा जबडा. दोन्ही अहवालांत शब्द मात्र 'रिसेप्टर अँटीबॉडी' हेच. एकाच जातीच्या गोष्टीचे परिणाम इतके परस्परविरुद्ध कसे असू शकतात?

आणि तिसरे म्हणजे, कोविडनंतर माझ्या यजमानांचा थकवा हटलेला नाही. एका प्रयोगशाळेच्या जाहिरातीत निरनिराळ्या रिसेप्टरांविरुद्धच्या अँटीबॉडींचा एक मोठा 'पॅनेल' दाखवला आहे आणि तो करून घ्यावा असे त्यांच्या मनात आहे. तो करावा का?

निवृत्त शिक्षक, ताळगाव

दीपमाळताई, मी आयुष्यभर शरीरक्रियाशास्त्र शिकवले, रुग्ण तपासले नाहीत. म्हणून उपचारांविषयी मी जे लिहीन ते तुमच्या डॉक्टरांच्या सल्ल्यावर तोलून घ्यावे. तुमच्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण पहिल्याचे उत्तर त्यातच दडलेले आहे.

पेशीच्या पृष्ठभागावर रिसेप्टर नावाची प्रथिने असतात. रक्तातून आलेले संप्रेरक किंवा मज्जातंतूच्या टोकातून सुटलेले रसायन त्यांना चिकटले की पेशीच्या आत ठरलेले काम सुरू होते. प्रतिपिंडे, म्हणजेच तुमच्या अहवालातील अँटीबॉडी, जंतूंना चिकटण्यासाठी बनतात. परंतु प्रतिकारसंस्थेची आपपर ओळख ढळली की स्वतःच्याच रिसेप्टरला चिकटणारी प्रतिपिंडेही तयार होतात. मग पुढे काय घडेल, हे ते प्रतिपिंड रिसेप्टरच्या कोणत्या भागाला आणि कशा रीतीने चिकटते यावर अवलंबून असते. दारावरच्या घंटेचे बटण कोणी दाबूनच धरले तर ती अखंड वाजत राहते, बटणावर कोणी हात ठेवून उभे राहिले तर पाहुण्याला ती वाजवता येत नाही, आणि कोणी ती तारांसकट उपटून नेली तर वाजवायलाच काही उरत नाही. तुमच्या जावेच्या शरीरात पहिला प्रकार घडला. मामांच्या शरीरात मुख्यतः तिसरा घडतो आहे.

ग्रेव्हजमध्ये प्रतिपिंड थायरॉइडच्या पेशींवरील टीएसएच रिसेप्टरला चिकटते आणि टीएसएचची हुबेहूब नक्कल करते. खरा टीएसएच मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतून येतो आणि रक्तात थायरॉक्सिन पुरेसे झाले की त्याचा स्राव आपोआप आवरला जातो. प्रतिपिंडावर असा कोणताही अंकुश नसतो. म्हणूनच ग्रेव्हजच्या रुग्णाचा टीएसएच जवळजवळ शून्यावर आलेला असतो आणि ग्रंथी तरीही थायरॉक्सिन ओतत राहते. न्यूझीलंडमधील डुनेडिन येथे ॲडम्स आणि पर्व्हेस यांनी १९५६ मध्ये अशा रुग्णाचे रक्तद्रव गिनीपिगांना टोचले, तेव्हा त्यांच्या थायरॉइडवर उत्तेजनाचा परिणाम दिसला. मात्र तो टीएसएचपेक्षा कितीतरी उशिरा शिखराला पोहोचला आणि अधिक काळ टिकला. हा पदार्थ टीएसएच नव्हे, एवढे तेव्हा समजले. तो एक इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे प्रतिपिंड आहे, हे १९६० च्या दशकात सिद्ध झाले. रोग करणारे प्रतिपिंड आणि संप्रेरक यांच्यात पेशीला फरकच कळत नाही, ही कल्पना त्या काळी पचनी पडणे सोपे नव्हते.

मायस्थेनियाची हकीकत याहून रंजक आहे. मज्जातंतूच्या टोकातून ॲसिटिलकोलीन सुटते, स्नायूवरील रिसेप्टरला चिकटते आणि स्नायू आकुंचन पावतो. हा रिसेप्टर शुद्ध स्वरूपात हाती लागणे फार कठीण होते. पण विजेचा धक्का देणाऱ्या दक्षिण अमेरिकेतील 'इलेक्ट्रिक ईल' माशाच्या विद्युत-अवयवात तो ठासून भरलेला असतो. कॅलिफोर्नियातील सॉल्क इन्स्टिट्यूटमध्ये पॅट्रिक आणि लिंडस्ट्रॉम यांनी त्या माशाचा रिसेप्टर सशांना टोचला. त्यांना हवी होती ती फक्त अभ्यासापुरती प्रतिपिंडे. प्रत्यक्षात ससे लुळे पडू लागले, आणि मायस्थेनियाच्या रुग्णांना द्यावयाचे औषध दिल्यावर तात्पुरते सावरले. हे १९७३ सालचे. १९७५ मध्ये रुग्णांच्या रक्तातील प्रतिपिंडे उंदरांना टोचून त्यांच्यातही स्नायूंवरील रिसेप्टर घटल्याचे दाखवण्यात आले आणि १९७६ मध्ये रुग्णांचा प्लाझ्मा बदलल्यावर त्यांची ताकद परत येते, असे लंडनच्या डॉक्टरांनी नोंदवले. टोचल्यावर रोग येतो, काढल्यावर रोग हटतो, आणि जिच्या विरुद्ध प्रतिपिंड आहे तीच वस्तू प्राण्याला टोचल्यावर तोच रोग उभा राहतो: कार्यकारणभावाचा एवढा भक्कम पुरावा वैद्यकात क्वचितच मिळतो. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर शोधताना ही कसोटी लक्षात ठेवा.

त्याच काळात स्नायूंवरील रिसेप्टर मोजायला उपयोगी पडले ते तैवानमधल्या पट्टेरी मण्यारीचे विष, कारण ते ॲसिटिलकोलीन रिसेप्टरला घट्ट चिकटून बसते. आपल्याकडे शेतमळ्यांत मण्यार चावलेल्या माणसाच्याही पापण्या आधी उतरतात आणि त्याला एकाच्या दोन वस्तू दिसू लागतात. मज्जातंतू आणि स्नायू यांच्या सांध्यात बिघाड झाला की डोळ्यांचे स्नायू सर्वांत आधी तक्रार करतात, मग कारण विष असो वा प्रतिपिंड.

मामांच्या स्नायूंत घंटा उपटण्याचे काम दोन वाटांनी होते. प्रतिपिंडाला दोन हात असतात. ते शेजारच्या दोन रिसेप्टरांना एकत्र बांधते आणि पेशी ती जोडी आत ओढून नष्ट करते. शिवाय 'कॉम्प्लिमेंट' नावाची रक्तातील प्रथिनांची साखळी जागी होऊन स्नायूच्या पडद्यावरील घड्याच उद्ध्वस्त करते. काही थोडी प्रतिपिंडे रिसेप्टरची वाट नुसती अडवतात, पण त्यांचा वाटा लहान असतो. सर्वांगीण मायस्थेनियाच्या सुमारे ८५ टक्के रुग्णांत ही प्रतिपिंडे सापडतात. आजार केवळ डोळ्यांपुरता असेल तर साधारण निम्म्यांतच. उरलेल्यांपैकी काहींमध्ये मस्क या वेगळ्या रिसेप्टरविरुद्धची प्रतिपिंडे मिळतात, आणि ती इतक्या निराळ्या जातीची असतात की ती कॉम्प्लिमेंटला जागेही करत नाहीत. म्हणूनच मस्कच्या रुग्णांना पायरिडोस्टिग्मिन हे मायस्थेनियाचे नेहमीचे औषध अनेकदा मानवत नाही आणि प्रतिकारसंस्थेच्या पेशी कमी करणारे रिटुक्सिमॅब मात्र चांगले लागू पडते. अहवालात कोणता रिसेप्टर लिहिला आहे, यावर औषध बदलते ते असे.

एकच प्रतिपिंड दोन्ही टोके गाठू शकते याचे उत्तम उदाहरण इन्सुलिन रिसेप्टरचे आहे. १९७० च्या दशकाच्या मध्यावर फ्लायर, कान आणि रॉथ यांनी अशा काही रुग्णांचे वर्णन केले, ज्यांना इन्सुलिनचे प्रचंड डोस देऊनही साखर उतरत नव्हती, ज्यांच्या मानेची व काखेची त्वचा काळी व जाडसर झाली होती, आणि ज्यांच्या रक्तात इन्सुलिन रिसेप्टरविरुद्धची प्रतिपिंडे होती. आजार अत्यंत दुर्मीळ आहे. पण गंमत अशी, की यांतील काही रुग्णांची साखर पुढे धोकादायक पातळीपर्यंत खाली जाते, कारण तेच प्रतिपिंड रिसेप्टरला अडवण्याऐवजी चालू करू लागते.

जाऊ आणि मामा यांच्यात रक्ताचे नाते नाही, तेव्हा घराण्याचा दोष वगैरे शोधत बसू नये. मामांसाठी मात्र एक सूचना महत्त्वाची आहे. जेंटामायसिनसारखी प्रतिजैविके, सिप्रोफ्लॉक्सासिनच्या गटातील औषधे, ॲझिथ्रोमायसिन आणि शिरेतून दिलेले मॅग्नेशियम यांनी मायस्थेनिया अकस्मात बळावू शकतो. साध्या खोकल्यासाठी किंवा दाताच्या दुखण्यासाठी नव्या डॉक्टरांकडे गेले, तरी आजाराचे नाव आधी सांगावे आणि औषधविक्रेत्याकडून परस्पर गोळ्या आणू नयेत.

बालरोगतज्ज्ञ, मडगाव

सरांनी पाया घातलाच आहे. मी सासूबाईंच्या शंकेकडे वळते. काढून टाकली ती आईची ग्रंथी. प्रतिपिंडे थायरॉइडमध्येच बनतात असे नव्हे. ती बनवणाऱ्या पेशी लसीका गाठींत आणि अस्थिमज्जेत जिथल्या तिथे राहिलेल्या असू शकतात, आणि बाळाच्या गळ्यात त्याची स्वतःची थायरॉइड ग्रंथी आहे.

आईची आयजीजी जातीची प्रतिपिंडे वारेतून बाळाकडे मुद्दाम वाहून नेली जातात. ही निसर्गाची चांगली व्यवस्था आहे, कारण जन्मानंतरचे पहिले काही महिने बाळाचे संरक्षण त्यांच्यावरच चालते. पण वार भल्याबुऱ्या प्रतिपिंडांत निवड करत नाही. ही वाहतूक गरोदरपणाच्या उत्तरार्धात वेगाने वाढते, आणि बाळाच्या ग्रंथीवरचे टीएसएच रिसेप्टरही साधारण विसाव्या आठवड्याच्या सुमारास उत्तेजनाला प्रतिसाद देऊ लागतात. पाचव्या महिन्यात ही तपासणी सांगितली जाते ती या हिशेबाने. गरोदरपणाच्या सुरुवातीला एकदा, आणि तेव्हा पातळी वाढलेली असेल तर १८ ते २२ आठवड्यांच्या दरम्यान पुन्हा, असा प्रघात आहे. पातळी प्रयोगशाळेच्या वरच्या मर्यादेच्या तिप्पट किंवा त्याहून अधिक असेल, तर बाळावर विशेष लक्ष ठेवावे लागते.

आईचा टीएसएच उत्तम आहे म्हणून घरचे निश्चिंत असतात, आणि फसगत होते ती येथेच. तुमच्या जावेच्या शरीरात उत्तेजित होण्याजोगी ग्रंथीच नाही. तिचा टीएसएच फक्त थायरॉक्सिनची मात्रा बरोबर आहे एवढेच सांगतो आणि बाळाच्या ग्रंथीचे काय चालले आहे याविषयी अवाक्षरही काढत नाही. ज्या स्त्रीची ग्रंथी शाबूत आहे आणि जी कार्बिमॅझोलसारखी थायरॉइडविरोधी गोळी घेत आहे, तिचे औषधही वारेतून बाळाकडे जाते आणि त्याला काही प्रमाणात सांभाळते. ग्रंथी काढलेल्या आईच्या बाळाला तेही संरक्षण नसते. बाळाच्या हृदयाचे ठोके सतत मिनिटाला १६० ते १७० च्या वर राहणे, वाढ खुंटणे, सोनोग्राफीत गळ्याशी गाठ दिसणे, या खुणा आम्ही पाहतो. गरज पडली तर आईला थायरॉइडविरोधी गोळी देतात ती केवळ बाळासाठी, आणि तिची स्वतःची थायरॉक्सिनची गोळी त्यासोबत चालूच राहते. एरवी परस्परविरुद्ध भासणाऱ्या दोन गोळ्या एकाच चिठ्ठीवर दिसल्या तर घाबरू नये.

आता दिलासा देणारा भाग. ग्रेव्हज असलेल्या मातांच्या बाळांपैकी जेमतेम १ ते ५ टक्क्यांना हा त्रास होतो, आणि शस्त्रक्रियेने ग्रंथी काढल्यानंतर बहुतेकांची प्रतिपिंडे महिनोन्‌महिने उतरत जातात. किरणोत्सारी आयोडीन घेतलेल्यांमध्ये ती उलट आधी वाढतात आणि दीर्घ काळ रेंगाळतात. त्यामुळे तुमच्या जावेचा अहवाल चांगला येण्याची शक्यता बरीच आहे. पण ते गृहीत धरायचे की एकदा रक्त तपासून खात्री करायची, एवढाच प्रश्न असेल तर मी तपासणीच्या बाजूने आहे. सासूबाईंना माझ्या वतीने सांगा, की सगळ्याच तपासण्यांवर त्यांनी असा संशय घेत राहावे, फक्त ही एक सोडावी.

मायस्थेनियाच्या मातांबाबतही हेच घडते. त्यांच्या सुमारे १० ते २० टक्के बाळांचे रडणे जन्मानंतर क्षीण असते, त्यांना दूध ओढता येत नाही, आणि आईची प्रतिपिंडे शरीरातून जाईपर्यंत, म्हणजे काही आठवडे, त्यांना आधार द्यावा लागतो. याहून विलक्षण प्रकार असा, की गर्भाच्या स्नायूंवरील ॲसिटिलकोलीन रिसेप्टरची घडण प्रौढांपेक्षा थोडी निराळी असते आणि क्वचित एखाद्या आईची प्रतिपिंडे केवळ त्या गर्भावस्थेतील रिसेप्टरलाच निकामी करतात. आईला काहीही त्रास नसतो. बाळ मात्र पोटात हालचाल करू शकत नाही आणि सांधे आखडलेल्या स्थितीत जन्माला येते. अशा स्त्रीच्या एकामागून एक गर्भधारणा अशाच झाल्या, तर कारण जनुकांत शोधण्याआधी हे रक्त तपासून पाहावे.

परिचारिका, बांबोळी परिसर

मी मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात बरीच वर्षे काम करते. दीपमाळताईंनी विचारलेले नाही, तरी मेंदूतील रिसेप्टरांचा उल्लेख येथे झालाच पाहिजे, असे मला वाटते.

एखादी विशीतली मुलगी काही दिवस ताप आणि डोकेदुखीने त्रस्त असते, मग अचानक तिची झोप उडते, ती संशय घेऊ लागते, नसलेले आवाज ऐकते, कधी संतापते तर कधी थिजून बसते. घरचे देवळात कौल लावतात, कोणी जाणत्याकडे नेतात, कोणी आमच्याकडे आणतात. आणि आमच्याकडे आणले म्हणजे योग्य ठिकाणी आणले असेही दर वेळी नसते. अशांपैकी काही जणींच्या मेंदूत एनएमडीए नावाच्या रिसेप्टरविरुद्धची प्रतिपिंडे काम करीत असतात. जोसेप दालमाऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये हा आजार ओळखला. प्रतिपिंडे रिसेप्टरांना जोडीजोडीने बांधून पेशीच्या आत ओढायला लावतात, अगदी सरांनी मायस्थेनियाविषयी लिहिले तसे. पण मेंदूतील पेशी मरत नाही. प्रतिपिंडे हटली की रिसेप्टर परत पृष्ठभागावर येतात. म्हणून हा आजार दिसायला जितका भयंकर, तितका बरा होण्याजोगा आहे: २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ५७७ रुग्णांच्या अभ्यासात, दोन वर्षांपर्यंत पाठपुरावा झालेल्यांपैकी ८१ टक्के रुग्ण चांगले सावरलेले होते, आणि ज्यांना लवकर उपचार मिळाले त्यांची स्थिती अधिक चांगली होती.

मनोविकाराची लक्षणे दिवसांच्या हिशेबात वाढत असतील, सोबत फिट येत असेल, तोंडाच्या व जिभेच्या विचित्र हालचाली होत असतील, ताप आणि रक्तदाब वरखाली होत असेल किंवा मनोविकाराच्या औषधांनी शरीर ताठरत असेल, तर मज्जासंस्थेच्या डॉक्टरांना बोलावून पाठीच्या कण्यातील पाणी तपासण्याचा आग्रह घरच्यांनीच धरावा. तरुण स्त्रियांमध्ये अंडाशयाची सोनोग्राफीही आवश्यक असते, कारण तेथील टेराटोमा नावाच्या गाठीत मेंदूसारखे ऊतक असते आणि अनेकदा तेथूनच प्रतिकारशक्तीची दिशाभूल सुरू होते. ती गाठ काढणे हा उपचाराचाच भाग असतो. नागिणीच्या कुळातील हर्पीस सिम्प्लेक्स विषाणूने मेंदूला सूज येऊन गेल्यावर काही आठवड्यांनीही हा आजार उद्भवू शकतो. आणि हा केवळ माणसांचा आजार नाही: बर्लिनच्या प्राणिसंग्रहालयातील क्नूट हे जगप्रसिद्ध ध्रुवीय अस्वल २०११ मध्ये पाण्यात पडून मेले, आणि त्याच्या मेंदूभोवतीच्या पाण्यात हीच प्रतिपिंडे असल्याचे संशोधकांनी पुढे २०१५ मध्ये दाखवले.

पॅथॉलॉजिस्ट, म्हापसा

पॅनेलविषयी मी लिहितो, कारण असे अहवाल घेऊन लोक माझ्याकडे अर्थ विचारायला येतात.

प्रथम नेहमीच्या तपासण्यांविषयी दोन गोष्टी. टीएसएच रिसेप्टरची जी तपासणी बहुतेक प्रयोगशाळा करतात ती प्रतिपिंड रिसेप्टरला चिकटते का, एवढेच मोजते. ते रिसेप्टरला चालवते की अडवते हे तिला कळत नाही. अडवणारी प्रतिपिंडेही असतात आणि त्यांनी थायरॉइड मंदावतो. हा भेद करायचा असेल तर जिवंत पेशींवरची वेगळी चाचणी लागते. दुसरी गोष्ट बायोटिनची. केसांसाठी आणि नखांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्यांत बायोटिनचे प्रमाण मोठे असते आणि अनेक यंत्रांवरील चाचण्या बायोटिनच्याच बंधावर आधारलेल्या असतात. परिणामी टीएसएच खोटा कमी, थायरॉक्सिन खोटे जास्त आणि रिसेप्टर प्रतिपिंडेही खोटी जास्त दिसतात. निरोगी बाईच्या हातात ग्रेव्हजचा बिनचूक भासणारा अहवाल पडतो. रक्त देण्यापूर्वी किमान दोन दिवस ती गोळी बंद ठेवावी आणि मात्रा मोठी असेल तर त्याहून अधिक काळ.

मामांच्या अहवालातील आकडा शेजारच्या रुग्णाच्या आकड्याशी ताडून पाहू नका. पातळी कमी असूनही आजार तीव्र असलेले आणि पातळी उंच असूनही हिंडते-फिरते असलेले रुग्ण मी पाहिले आहेत, त्यामुळे दरमहा तो आकडा मोजण्यात पैसा जातो आणि हाती काही लागत नाही. मूत्रपिंडाच्या मेम्ब्रेनस आजारात मात्र नेमके उलट आहे: तेथे फॉस्फोलिपेज ए-२ रिसेप्टरविरुद्धची प्रतिपिंडे २००९ मध्ये सापडली, प्राथमिक स्वरूपाच्या सुमारे ७० टक्के रुग्णांत ती असतात, आणि लघवीतील प्रथिने कमी होण्याच्या कितीतरी आधी त्यांची पातळी उतरू लागते, म्हणून तो आकडा पुनःपुन्हा पाहणे योग्यच आहे.

आता पॅनेल. त्यात बहुधा ॲड्रिनालिनचे रिसेप्टर, मस्कारिनिक रिसेप्टर, अँजिओटेन्सिनचा एटी-१ रिसेप्टर अशी मालिका असते. अशी प्रतिपिंडे अस्तित्वात आहेत यात वाद नाही. गरोदरपणातील उच्च रक्तदाबाच्या प्रीएक्लॅम्प्सिया या आजारात एटी-१ रिसेप्टरला चेतवणारी प्रतिपिंडे बर्लिनच्या संशोधकांनी १९९९ मध्ये वर्णिली आहेत. अडचण अशी, की ती निरोगी माणसांतही सापडतात, वेगवेगळ्या पद्धतींनी मोजली तर उत्तरे जुळत नाहीत, आणि कोणत्या आकड्यापुढे रोग म्हणायचे यावर एकमत नाही. थकलेल्या माणसाच्या हातात चार लाल आकड्यांचा अहवाल दिला की त्याचा थकवा त्या आकड्यांनी झाला असे त्याला वाटणारच. सरांनी सांगितलेली कसोटी येथे लावून पाहा. कोविडनंतरच्या दीर्घ आजारात या प्रतिपिंडांना निष्प्रभ करण्यासाठी बनवलेल्या औषधाची दुसऱ्या टप्प्याची चाचणी २०२४ मध्ये अपयशी ठरली. माझे मत स्पष्ट आहे: हे पैसे वाचवावेत आणि त्यातून यजमानांचे हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइड, बी-१२ आणि झोपेत श्वास अडकतो का हे पाहून घ्यावे.

निवृत्त शिक्षक, ताळगाव

पॅथॉलॉजिस्ट महोदयांच्या सल्ल्याशी मी सहमत आहे, पण त्या संपूर्ण गटाला एकाच तागडीत टाकणे मला मान्य नाही. हृदयावरील बीटा-१ ॲड्रिनर्जिक रिसेप्टरचा केवळ एक तुकडा उंदरांना टोचून त्यांच्यात प्रतिपिंडे निर्माण केली असता त्यांचे हृदय कालांतराने फुगून दुबळे झाले, आणि त्या उंदरांचे रक्तद्रव दुसऱ्या उंदरांना दिल्यावर तेही आजारी पडले, असे जर्मन संशोधकांनी २००४ मध्ये दाखवले. हा पुरावा मायस्थेनियाच्या तोडीचा नसला तरी दुर्लक्ष करण्याजोगाही नाही. हृदय फुगण्याच्या काही रुग्णांत हे प्रतिपिंड खरोखर गुन्हेगार असू शकते. कोणत्या रुग्णात ते नुसते वाटसरू आहे, हे ओळखण्याची विश्वासार्ह चाचणी हाती नाही, इतकेच. म्हणून संशोधन चालू राहावे आणि जाहिरात बंद व्हावी.

आणखी एक भर. बाळाकडे प्रतिपिंडे नेणारा वारेतील जो वाहक बालरोगतज्ज्ञ बाईंनी सूचित केला, तोच वाहक प्रौढांच्या शरीरात प्रतिपिंडांना नष्ट होण्यापासून वाचवतो आणि त्यांचे आयुष्य सुमारे तीन आठवड्यांपर्यंत लांबवतो. त्या वाहकालाच अडवणारे एफगार्टिजिमॉड हे औषध अमेरिकेत डिसेंबर २०२१ मध्ये मायस्थेनियासाठी मंजूर झाले. त्याने वाईट प्रतिपिंडांबरोबर चांगलीही कमी होतात आणि किंमतही आवाक्याबाहेरची आहे, तेव्हा मामांनी आहे त्या गोळ्या नियमाने घ्याव्यात.

दीपमाळ, फोंडा

सर्वांचे मनापासून आभार, देव बरें करूं. बायोटिनचा उल्लेख वाचून जावेला विचारले, तर ती खरोखरच केस गळतात म्हणून तशी गोळी घेत होती. ती बंद करून पुढच्या आठवड्यात रक्त देण्याचे ठरले आहे. सासूबाईंनी 'बाळाची ग्रंथी' हे शब्द ऐकल्यावर पुढे काही विचारलेच नाही. यजमानांचा पॅनेलही तूर्त राहिला. आता एवढेच सांगावे, की पातळी जास्त निघाली तर जन्मानंतर बाळाचे काय तपासायचे, आणि आईने अंगावर पाजावे का?

बालरोगतज्ज्ञ, मडगाव

अंगावर अवश्य पाजावे. दुधातून जाणाऱ्या प्रतिपिंडांनी बाळाचा थायरॉइड बिघडत नाही आणि थायरॉक्सिनची गोळीही आड येत नाही. पातळी जास्त निघाली तर प्रसूतीच्या वेळी नाळेच्या रक्तातून बाळाची प्रतिपिंडे मोजून घ्यावीत, आणि टी-४ (थायरॉक्सिन) व टीएसएच तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या दरम्यान एकदा व दहाव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान पुन्हा तपासावेत. नवजात बाळाच्या टाचेतून रक्त घेऊन जी नेहमीची टीएसएच चाचणी होते ती मंदावलेला थायरॉइड शोधण्यासाठी असते, वाढलेला नव्हे. ती 'नॉर्मल' आली म्हणून या तपासण्या टाळू नयेत. पहिले काही आठवडे बाळ सारखे रडते, दूध भरपूर पिऊनही वजन धरत नाही, किंवा शांत झोपेतही त्याची छाती फार वेगाने धडधडते असे वाटले, तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी दाखवावे. आजार झालाच तर तीन-चार महिन्यांत आईची प्रतिपिंडे ओसरल्यावर औषध थांबवता येते. प्रसूती जेथे होणार आहे तेथील बालरोगतज्ज्ञांना आईच्या जुन्या शस्त्रक्रियेची माहिती आताच लेखी द्यावी, कारण बाळंतपणाच्या घाईत 'थायरॉइडची गोळी चालू आहे' एवढेच सांगितले जाते आणि ती गोळी का चालू आहे हे कोणी विचारत नाही.